सेकंड हॅन्ड गाडी: आधी दात बघा, मग रंग

आज सांगोल्यातूनच बोलतोय, आणि विषय तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मागितलेला आहे. तीन-साडेतीन लाखांत जुनी गाडी अशी कशी निवडायची, की ती रस्त्यात उभी राहणार नाही आणि चालवताना मजाही येईल?

सुरुवात माझ्यापासून करतो, कारण मी फसता फसता वाचलोय.

आमच्या डाळिंबाची अर्धी बाग खोडकिडीमुळं काढावी लागली होती. उरलेल्या झाडांचे पैसे आले तेव्हा आप्पा म्हणाले, "साडेतीन लाख देतो. पण एकदाच. परत मागायचं न्हाय."

मला हवी होती पोलो. चाकणला बनणारी ही गाडी २०२२ मध्ये बंद झाली, पण पोरांच्या डोक्यातून काही गेली नाही. मोबाईलवर एक लाल पोलो दिसली, बाजारभावापेक्षा साठ-सत्तर हजारांनी स्वस्त. यार्ड परजिल्ह्यातलं. मित्राला घेऊन गेलो. गाडी एकदम चकाचक. पंचवीस हजार इसार द्यायला फोन काढला, आणि तेवढ्यात आप्पांचाच फोन आला.

"दात बघितलं का?"

बाहेरच्या मंडळींसाठी सांगतो. आमच्याकडं रविवारी जनावरांचा मोठा बाजार भरतो. तिथं खिलार बैल घेणारा माणूस शिंगांचा रंग बघून पैसे काढत नाही. आधी दात बघून वय ठरवतो, मग चालवून बघतो, मग मालक कोण आहे ते विचारतो. आप्पांचं म्हणणं एवढंच होतं की गाडीलाही हेच लाव.

मी पुढच्या सीटचा बेल्ट पूर्ण बाहेर ओढला. एरवी आपण हातभरच ओढतो. आत गुंडाळलेल्या भागावर मातकट पाण्याची रेघ होती. डिकीतली स्टेपनी उचलली, तर खाली वाळलेला गाळ. यार्डवाला म्हणाला, "वॉशिंगला पाणी गेलं असेल." वॉशिंगच्या पाण्यात गाळ कुठून येणार, सांगा! फोन खिशात टाकला आणि घरी आलो.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात होतं. जुलै २०२१ मध्ये परत तेच, आणि चिपळूणही बुडालं. अशा पुरात बुडालेली गाडी विमा कंपनीनं पूर्ण नुकसानीत काढली की ती भंगाराच्या भावात विकली जाते, आणि कधीकधी धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येते. इंजिन सुरू होतं, पण वायरिंग आणि सेन्सर कधी दगा देतील याचा नेम नसतो. म्हणजे एमएच-०९ किंवा एमएच-१० ची प्रत्येक गाडी बुडालेली, असं अजिबात नाही. पण तपासायला दोन मिनिटं लागतात, ती द्या.

आता काय काय बघायचं ते सांगतो. फोनमध्ये लिहून घ्या.

पहिलं, वय आणि रनिंग. टायरवर चार आकडी नंबर असतो. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. मीटरवर तीस हजार किलोमीटर, आणि ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर मात्र गुळगुळीत? मग मीटर मागं घेतलं असण्याची शंका घ्या, आणि सर्व्हिसचं रेकॉर्ड मागा.

दुसरं, विम्याचा कागद. त्यावर नो क्लेम बोनस बघा. एक वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के, सलग पाच वर्षं नसेल तर ५० टक्के. मालक म्हणतोय "गाडीला ओरखडा नाही" आणि कागदावर बोनस शून्य, तर क्लेम कशाचा होता ते विचारा. हा बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर तुम्हाला मिळत नाही.

तिसरं, ठोकलेली आहे का. बॉनेट उघडून बोल्टांचा रंग उडालाय का बघा. दोन्ही बाजूंचे वेल्डिंगचे ठिपके सारखे हवेत.

चौथं, इंजिन थंड असताना जा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. आणि तीनशे-पाचशे रुपये देऊन ओळखीचा फिटर सोबत न्या. त्याच्यासारखं स्वस्त इन्शुरन्स नाही.

डिझेल की पेट्रोल? रोजचं रनिंग गावातल्या गावात असेल तर पेट्रोल घ्या. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलला धुराचा फिल्टर असतो, आणि सतत छोट्या फेऱ्यांनी तो तुंबतो.

मी शेवटी काय घेतलं? २०१४ ची पेट्रोल स्विफ्ट, एमएच-४५ पासिंग. पंढरपूरकडच्या एका शिक्षकांची, पहिलेच मालक, प्रत्येक सर्व्हिसचं बिल फाईलला लावलेलं. मित्र हसले, "मास्तरांची गाडी!" पण ही गाडी वजनाला टनाच्या आत, इंजिन ऐंशी-पंच्याऐंशी बीएचपीचं, आणि टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे. मिरज रोडनं निघून कोल्हापूर मागं टाकून आंबा घाट उतरलो ना, तेव्हा कळलं. वळणावर गाडी सांगेल तिकडं वळते, आणि डोक्यात एकदाही येत नाही की आता बंद पडली तर? मला मजा म्हणजे हेच वाटतं. ताकदवान गाडी असली आणि सारखं टेम्परेचरच्या काट्याकडं बघावं लागत असलं, तर कसली मजा!

शेवटचं, आणि हे हसण्यावारी नेऊ नका. गाडी नावावर करून घ्या. फॉर्म २९ आणि ३०. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. परराज्यातली असेल तर फॉर्म २८. एमपरिवहन ॲपवर मालकाचा क्रम, बोजा आणि विम्याची मुदत बघा, थकलेली ई-चलानं वेगळी तपासा. विमाही आपल्या नावावर करा. आणि विकणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका: २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका अपघाताच्या खटल्यात सांगितलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक धरला जाईल. गाडी चार हात फिरली तरी भरपाई पहिल्याच्या गळ्यात पडू शकते. "नंतर करू ट्रान्सफर" म्हणणारा मित्र असला तरी त्याला सोडू नका.

परवा आप्पा पहिल्यांदा गाडीत पुढं बसले. बेल्ट ओढला, पूर्ण बाहेर. बघितला, लावला, आणि म्हणाले, "चल."

तुमची गाडी बघायला जाल तेव्हा दात बघा, मंडळी. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!