आधी वरचा नट उघडा: गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑईल घरी बदलताना

आजचा एपिसोड जरा काळ्या हातांचा आहे. मी दिवसभर लॅपटॉपसमोर बसणारा माणूस, पण बोलणार आहे गाडीखाली झोपून काय शिकलो त्याबद्दल. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे नेहमीप्रमाणे लिहून दिलंय.

आमच्याकडे टाटा सुमो आहे. बाबांनी २००९ साली घेतली. सुमो १९९४ मध्ये बाजारात आली, आणि नाव जपानी पैलवानांवरून नाही बरं का, टेल्कोच्या सुमंत मूळगावकरांवरून, 'सु' आणि 'मो'. पुण्यात वाढलेल्या कुणाचं तरी निम्मं बालपण सुमोच्या मागच्या आडव्या सीटवर गेलंय, तसं माझंही गेलं.

तर १५ वर्षं पूर्ण झाली आणि परत पासिंग करायची वेळ आली. इकडे गाडीची तब्येत बिघडलेली. सकाळी दुसरा गिअर टाकताना कर्रर्र. साठच्या पुढे गेलं की मागून 'हूंऽऽ' असा आवाज, आणि एक्सलरेटर सोडला की आवाजाचा सूर बदलायचा. बाबा म्हणाले, "अरे, पासिंग, टॅक्स, वर गिअरबॉक्सचं काम. त्यापेक्षा देऊन टाकू स्क्रॅपला." बोलले सहज, पण त्यानंतर दोन दिवस गाडी पुसायला खाली गेले नाहीत. मग मीच विचारलं, "बाबा, गिअर ऑईल शेवटचं कधी बदललं होतं?" त्यांनी सगळ्या बिलांची फाईल काढली. इंजिन ऑईल दर वर्षी. गिअर ऑईल एकदा, सात वर्षांपूर्वी. डिफरन्शियलचं नावच नाही. म्हणजे चूक गाडीची नव्हती, आमची होती. गाडी काढायची की ठेवायची हे ठरवण्याआधी निदान आतलं ऑईल बघू, असं ठरलं.

आता डिफरन्शियल म्हणजे काय, ते पटकन सांगतो. विसर्जन मिरवणुकीत बेलबाग चौकातून लक्ष्मी रोडला वळणारं लेझीम पथक बघितलंय ना? रांग सरळ ठेवून वळायचं तर आतल्या कडेची मुलगी जागच्या जागी पावलं टाकते आणि बाहेरच्या कडेची जवळजवळ धावते. गाडीच्या चाकांचं तसंच. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधली तर एक घासत जाईल. दोघांना ताकद देऊन वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी पेटी म्हणजे डिफरन्शियल.

तुमच्या गाडीत ती कुठे आहे, हे आधी बघा. स्विफ्टसारख्या पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या आतच असतं, त्यामुळे ऑईल एकच. सुमो, बोलेरो, ईको अशा मागची चाकं ढकलणाऱ्या गाड्यांत मागच्या ॲक्सलच्या मध्यभागी जो गोल फुगवटा दिसतो तो डिफरन्शियल, आणि त्याचं ऑईल वेगळं. फोर बाय फोर असेल तर पुढचं डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसही धरा.

ऑईल कुठलं? इथे बरेच जण फसतात. डब्यावर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. ८०डब्ल्यू-९० हा झाला घट्टपणा. जीएल-४ किंवा जीएल-५ हा दर्जा, पण पाच म्हणजे चारपेक्षा भारी असं नाही. डिफरन्शियलमधल्या क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर दाबून घसरत फिरतात, म्हणून त्यांना गंधक-फॉस्फरसची जास्त रसायनं असलेलं जीएल-५ लागतं. गिअरबॉक्समध्ये मात्र पितळेच्या सिंक्रो रिंग असतात. गिअर पडताना त्या घर्षणानेच वेग जुळवतात. तिथे चुकीचं जीएल-५ टाकलं तर रिंगची पकड कमी होऊ शकते आणि काही रसायनं पितळही खातात. म्हणून "दोन्हीकडे एकच ओता" असं कुणी म्हटलं तर गाडीचं मॅन्युअल उघडा. शेवटचा शब्द त्याचाच. लिटर किती तेही त्यातच बघा. अशा गाड्यांत बहुतेक वेळा एकेका ठिकाणी दीड ते अडीच लिटर लागतं.

सामान नाना पेठेतून आणलं: ऑईल, तांब्याची वायसरं, ऑईल चढवायचा हातपंप. पाने रविवारी सकाळी जुन्या बाजारातून. आणि त्याच रविवारी दुपारी कामाला लागलो, कारण सोमवारी सकाळी पासिंगची अपॉइंटमेंट होती.

वीस मिनिटं गाडी फिरवून आणली. ऑईल कोमट झालं की पातळ होतं आणि गाळ घेऊन बाहेर पडतं. गाडी सपाट जागी लावली, गिअरमध्ये ठेवली, हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले. सुमो उंच, त्यामुळे जॅक न लावता खाली शिरता आलं. ज्यांची गाडी बुटकी आहे त्यांनी नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही, म्हणजे कधीही शिरू नका. जॅक सरकला तर पुढचा एपिसोड ऐकायला तुम्ही नसाल. चांगले स्टँड लावा, आणि पुढून-मागून सारखीच उचला. एकाच बाजूने उचलली तर ऑईलची लेव्हल खोटी दिसते.

आणि आता माझा पराक्रम. गिअरबॉक्सला दोन नट. खालचा ऑईल सोडायचा, बाजूला वरचा ऑईल भरायचा. मी उत्साहात खालचा उघडला. सगळं ऑईल घमेल्यात. मग वरचा उघडायला गेलो, तर तो हलेना! सात वर्षांचा गंज. जुन्या बाजारातला ढिला पाना दोनदा घसरला आणि नटाचे कोपरे गोल व्हायला लागले. म्हणजे गिअरबॉक्स रिकामा, भरायचं दार बंद. बॅकअप न घेता डेटाबेस उडवल्यावर पोटात जो गोळा येतो, तो मला पार्किंगमध्ये आला.

सोमवारची अपॉइंटमेंट गेली. बाबा काही बोलले नाहीत, नुसतं "जेवायला ये" म्हणाले. ते जास्त लागलं.

रात्रभर नटावर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला. सोमवारी ऑफिसमधून येऊन नेमक्या मापाचा सहाकोनी सॉकेट हातोडीने ठोकून घट्ट बसवला, लांब दांडा लावला आणि हळूहळू जोर दिला. 'टक्' असा आवाज झाला. एवढा आनंद मला पहिल्या पगाराला पण झाला नव्हता. तर आजचा नियम एकच लक्षात ठेवा: आधी वरचा नट उघडा. तो उघडला नाही तर खालच्याला हात लावू नका, गाडी मिस्त्रीकडे चालवत न्या.

भरणं सोपं आहे. खालचा नट नव्या वायसरने बसवायचा, मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच कसायचा. पंपाने वरच्या भोकातून ऑईल भरत राहायचं. भोकाच्या खालच्या कडेवरून ऑईल ओघळायला लागलं की थांबायचं. करंगळी आत घातली की कडेलाच ऑईल लागलं पाहिजे. सुमोसारख्या गाड्यांत लेव्हल बघायची हीच पद्धत.

आता खरी गंमत नटाच्या चुंबकाची. बऱ्याच गाड्यांत खालच्या नटाला चुंबक असतो. सॉफ्टवेअरवाल्यांनो, ही गाडीची लॉग फाईल समजा. राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज, पुसून टाका. ऑईलमध्ये सोनेरी चमक म्हणजे पितळ, सिंक्रो झिजतायत. टोचणारा तुकडा किंवा पापुद्रा सापडला तर दात किंवा बेअरिंग. ऑईल दुधी दिसलं तर आत पाणी. आमच्या गिअरबॉक्समध्ये फक्त मऊ लेप होता, थोडीशी चमक. म्हातारा, पण धडधाकट.

मग डिफरन्शियल. यावेळी शहाणा झालो होतो, वरचा नट आधी. उघडला, बोट घातलं, कोरडं. खालून निघालं जेमतेम अर्धा लिटर, डांबरासारखं. चुंबकावर लेप आणि दोन पातळ पापुद्रे. ॲक्सलवरचा ब्रीदर चिखलाने बुजला होता. आतली गरम हवा बाहेर पडायला जागा नाही, मग ती ऑईलला सीलमधून ढकलते. पुढच्या बाजूला पिनियनपाशी तेलकट धूळ चिकटलेली होतीच. ब्रीदर साफ केला, ऑईल भरलं.

निकाल? दुसरा गिअर बाबांच्या भाषेत "लोण्यात सुरी". मागचा आवाज कमी झाला, पण गेला नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण व्हिडिओंमध्ये ऑईल बदललं की सगळं बरं होतं. ऑईल पुढची झीज थांबवतं, झालेली भरून काढत नाही. ते पापुद्रे कागदात गुंडाळून ओळखीच्या मिस्त्रींना दाखवले. त्यांनी पिनियन हलवून बघितलं आणि म्हणाले, "बेअरिंग गेलंय. क्राऊन-पिनियन वाचलंय अजून. दोन महिने असंच चालवलं असतं तर तेही गेलं असतं." बेअरिंग आणि सील बदललं. हे काम मी घरी केलं नाही, तुम्हीही करू नका. त्याचं माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बसवायचं असतं.

जुनं ऑईल गटारात ओतू नका, प्लीज. आपल्या गटारातलं पाणी नाल्यातून मुठेतच जातं. वापरलेलं ऑईल कायद्याने घातक कचरा आहे. मी नव्या ऑईलच्या रिकाम्या डब्यांत भरून मिस्त्रींकडे दिलं, त्यांच्याकडून ते नोंदणी असलेले लोक घेऊन जातात. हातमोजे घाला, आणि गिअर ऑईलचा वास कपड्यातून चार धुण्यांत जात नाही, हे आईच्या वतीने सांगतो.

दुसरी अपॉइंटमेंट मिळाली, गाडी पास झाली. पुढची पाच वर्षं. परत येताना बाबांनी मुद्दाम दिवे घाटातून गाडी घेतली. वर जाऊन थांबलो, चहा घेतला. ते म्हणाले, "आवाज येत नाहीये रे." एवढंच.

तर मंडळी, या रविवारी ऑईल बदलूच नका. फक्त गाडीचं मॅन्युअल शोधा, वरचा नट उघडतो का बघा आणि करंगळीला ऑईल लागतं का ते तपासा. दहा मिनिटांचं काम आहे. कोरडं लागलं तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये, काळजी घ्या!