हरणाऱ्या संघाचा पाठीराखा

उगवत्या सूर्याला नमस्कार करणारांची जगांत कधींच वाण पडत नाहीं. विजयी वीराच्या मिरवणुकींत सामील व्हावयास सारेच धांवतात. परंतु पराभूताच्या मागें, आणि तेंही एखादा दिवस नव्हे तर सहा महिने नेमानें चालणारा मनुष्य विरळा. असा मनुष्य पाहावयाचा असेल तर अमेरिकेंतील बेसबॉलच्या मैदानाकडे नजर टाकावी. तेथें दरसाल कोणता तरी संघ तळाशीं जातो, आणि त्याच्याबरोबर त्याचे हजारों पाठीराखेही तळाशीं जातात. हें सारें पदरचा पैसा खर्चून आणि स्वखुशीनें! याला वेडेपणा म्हणावें कीं निष्ठा, हा आजच्या भाषणाचा विषय.

बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा आप्त. चेंडू टाकणारा, टोला मारणारा, झेल घेणारे गडी आणि धांवा ही सामग्री दोहोंकडे सारखीच. मात्र दोन गोष्टींत मोठा फरक आहे. एक तर बेसबॉलमध्यें अनिर्णित सामन्याची पळवाट जवळजवळ नाहींच. नऊ डावांनंतर बरोबरी झाली तर निकाल लागेपर्यंत खेळ पुढें चालू राहतो. दुसरें असें कीं, तेथील वरच्या दर्जाचे संघ बहुधा रोजच खेळतात. वसंताच्या आरंभापासून सप्टेंबर संपेपर्यंत प्रत्येक संघाच्या वांट्याला १६२ सामने येतात. एवढ्या लांबलचक हंगामांत उत्तम संघही साठ-एक वेळां हरतो आणि सुमार संघही साठ-एक वेळां जिंकतो. फार काय, ज्या खेळाडूला दहा संधींपैकीं तीन वेळां यशस्वी टोला साधतो, त्याची गणना नामांकितांत होते. तेव्हां या खेळाचा षोक धरणारानें अपयशाची थोडीफार संवय ठेवलीच पाहिजे. परंतु अपयशालाही कांहीं सीमा असते, आणि ती ओलांडणारा संघ १९६२ सालीं न्यूयॉर्क शहरांत जन्मास आला.

त्याची पूर्वपीठिका अशी. १९५७ सालापर्यंत न्यूयॉर्कमध्यें तीन मोठे संघ होते. त्या वर्षाचा हंगाम संपल्यावर त्यांपैकीं दोन, ब्रुकलिनचे डॉजर्स आणि मॅनहॅटनचे जायंट्स, आपलें बिऱ्हाड उचलून थेट पश्चिम किनाऱ्यावर गेले. एकानें लॉस एंजेलिस गांठलें, दुसऱ्यानें सॅन फ्रान्सिस्को. ज्या घरांतून एखाद्या संघाची निष्ठा वडिलोपार्जित वतनाप्रमाणें बापाकडून मुलाकडे आली होती, तीं घरें पोरकीं झालीं. तिसरा संघ यांकीज. तो शहरांतच राहिला होता आणि अजिंक्यपदांची रास रचीत होता. परंतु गेलेल्या संघांच्या कित्येक भक्तांना त्याच्याविषयीं आपलेपणा वाटेना. शेजारच्या घरचें पक्वान्न कितीही रुचकर असलें, तरी आपल्या चुलीवरच्या भाकरीची जागा तें घेत नाहीं.

चार हंगाम असे कोरडे गेल्यावर मेट्स नांवाचा नवा संघ उभा राहिला. त्यानें डॉजर्सचा निळा रंग घेतला आणि जायंट्सचा नारिंगी. खेळाडू मिळाले ते इतर संघांनीं मोकळे केलेले. कोणी उतारवयाचे, तर कोणी अद्याप हात न बसलेले. त्यांचे मॅनेजर केसी स्टेंगल हे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. यांकीज संघाला त्यांनीं १९४९ पासून १९६० पर्यंतच्या बारा वर्षांत सात वेळां जगज्जेतेपद मिळवून दिलें होतें. पण सत्तरी गांठतांच त्या संघानें त्यांना निरोप दिला. टाकून दिलेले खेळाडू, निरोप मिळालेले मॅनेजर आणि पोरके झालेले प्रेक्षक, असा हा त्रिवेणी संगम झाला.

११ एप्रिल १९६२ रोजीं सेंट लुई येथें मेट्स पहिलाच सामना ११-४ असा हरले. दुसऱ्या दिवशीं ते न्यूयॉर्कला आले, तेव्हां शहरानें त्यांची ब्रॉडवेवरून मिरवणूक काढली! त्यानंतर ते आणखी आठ सामने ओळीनें हरले. दहाव्या सामन्यांत, २३ एप्रिल रोजीं पिट्सबर्ग येथें, त्यांना ९-१ असा पहिला विजय लाभला. नऊ दिवस उपास घडल्यावर मिळालेल्या घांसाची चव रोज दोन वेळां जेवणाराला सांगून कळावयाची नाहीं.

अशा संघाच्या पाठीराख्याचा हंगाम कसा जातो? एप्रिलमध्यें त्याला आशा असते. मे महिन्यांत ती आशा सबबी शोधूं लागते. आज पाऊस पडला, काल पंचानें घात केला, परवां दैव फिरलें. जूनमध्यें तो वर्तमानपत्रांतील क्रमवारीचा तक्ता खालून वर वाचावयास शिकतो. त्या तक्त्यांत शेवटचा रकाना असतो तो अग्रभागीं असलेल्या संघाच्या किती सामने मागें आहोंत याचा. ऑगस्टमध्यें तो रकाना वाचणेंच तो सोडून देतो. मात्र रेडिओ सोडीत नाहीं. संघ पश्चिम किनाऱ्यावर खेळावयास गेला कीं तीन तासांच्या फरकामुळें न्यूयॉर्कमध्यें रात्रीं अकराच्या सुमारास सामना सुरू होतो. दुसरे दिवशीं कामावर जावयाचें असूनही हा गृहस्थ आवाज बारीक करून मध्यरात्रीपर्यंत एक ठरलेला पराभव ऐकत बसतो.

त्याला तो पराभव ऐकवणारांत राल्फ कायनर हे एक होते. स्वतः कायनर यांनीं १९४६ पासून सात वर्षें ओळीनें आपल्या लीगमध्यें सर्वांत अधिक, किंवा बरोबरीनें सर्वांत अधिक, होमरन मारले होते, आणि तरीही १९५२ सालीं त्यांच्या पिट्सबर्ग संघानें ४२ सामने जिंकून ११२ गमावले होते. हरणाऱ्या संघांतही उत्तम काम करणारा माणूस असतो, हें त्यांच्या आवाजामागें उभें असलेलें सत्य होतें. मेट्सच्या श्रोत्यांनाही तें हळूहळू उमगलें. जिंकण्याची आशा सुटल्यावर त्यांचें लक्ष बारकाव्यांकडे वळलें. रिची ॲशबर्न हा जुना खेळाडू तळाच्या संघांत असूनही शंभरांत तीस टोले साधीत होता. रॉजर क्रेग याच्या नांवावर चोवीस पराभव लागले, तरी चेंडू टाकण्याची आपली पाळी आली कीं तो पुन्हां उभा राही. अशीं माणसें पाहणें ही त्यांची मिळकत झाली.

आणि हंसूंही होतें. १७ जून रोजीं मार्व्ह थ्रोनबेरी यानें जोरकस टोला मारून तिसरा बेस गांठला. प्रेक्षक आनंदले, तोंच प्रतिपक्षानें पंचांकडे दाद मागितली कीं, धांवतांना या गृहस्थाचा पाय पहिल्या बेसला लागलाच नाहीं. दाद मान्य झाली आणि तो बाद ठरला. तो सामना मेट्स ८-७ असे एका धांवेनें हरले. दुसऱ्या एखाद्या शहरानें अशा खेळाडूला घरीं बसवा म्हणून ओरड केली असती. न्यूयॉर्ककरांनीं त्याला डोक्यावर घेतलें. त्याच्या धांदलींत त्यांना आपलीच धांदल दिसली असावी. सारे टप्पे नीट शिवून आयुष्य काढणारे असतात तरी किती?

मे महिन्याच्या ३० तारखेला डॉजर्स प्रथमच पाहुणे म्हणून न्यूयॉर्कला आले, त्या दिवशीं पन्नास हजारांहून अधिक लोक पोलो ग्राउंड्स मैदानावर लोटले. सोडून गेलेल्या आप्ताला पाहावयास आलेल्यांच्या मनांत राग होता कीं माया, तें सांगणें कठीण. मेट्स त्या दिवशींचे दोन्ही सामने हरले. तो सतरा पराभवांच्या एका सलग मालिकेचाच भाग होता. हंगाम संपला तेव्हां हिशेब असा झाला: विजय ४०, पराभव १२०. विसाव्या शतकाच्या आरंभापासून इतके पराभव एका हंगामांत कोणत्याही संघाच्या नांवावर लागले नव्हते. तरीही त्यांचे सामने पाहावयास वर्षभरांत नऊ लाखांहून अधिक लोक आले.

नदीपलीकडे यांकीजनीं त्याच वर्षीं पुन्हां जगज्जेतेपद मिळविलें, आणि त्यांचा प्रेक्षकवर्ग अर्थातच मोठा होता. पण पुढें काय घडलें तें पाहावें. मेट्सचे लोक घरच्या चादरींवर घोषवाक्यें रंगवून मैदानावर आणूं लागले. १९६४ सालीं मेट्स पुन्हां तळाशींच राहिले आणि यांकीज आपल्या लीगमध्यें पहिले आले. तरी त्या वर्षीं अधिक प्रेक्षक आले ते मेट्सकडे. त्या सालीं त्यांना नवें मैदान मिळालें, हें त्याचें एक कारण खरेंच. परंतु नुसत्या नव्या बांकांवर बसण्यासाठीं कोणी वर्षभर पराभव पाहत नाहीं.

इथपर्यंतची हकीकत ऐकून कोणी म्हणेल, मग हरण्याचें कौतुकच करावें कीं काय? या प्रश्नाचें उत्तर शिकागो शहरानें २०२४ सालीं दिलें. तेथील व्हाइट सॉक्स हा जुना, प्रतिष्ठित संघ. २००५ सालीं जगज्जेता ठरलेला. २०२४ मध्यें तो जुलै-ऑगस्टमध्यें ओळीनें एकवीस सामने हरला, आणि हंगामाच्या अखेरीस मेट्सचा बासष्ट वर्षांचा दुर्लौकिक त्यानें मोडला: विजय ४१, पराभव १२१. येथेंही पाठीराखे होते, परंतु त्यांचा सूर निराळा होता. स्वतःच्याच मैदानावर ते मालकांना उद्देशून ‘संघ विकून टाका’ अशा आरोळ्या देत होते.

हा फरक कां पडला? १९६२ चा न्यूयॉर्ककर आपल्या खेळाडूंना क्षमा करीत होता, कारण संघ नवा होता आणि त्यांतील खेळाडू होती नव्हती ती शक्ति लावीत आहेत हें त्याला दिसत होतें. २०२४ च्या शिकागोकराचा रोष त्या मैदानावरील तरुणांवर नव्हता. ज्यांच्या हातीं संघाची राखण सोंपविली, त्यांनींच तो खालावूं दिला असें त्याचें म्हणणें होतें. हरणें आणि हेळसांड करणें यांतील अंतर पाठीराख्याइतकें दुसऱ्या कोणाला कळत नाहीं, कारण तो रोज पाहत असतो. जो क्वचित् डोकावतो त्याला दोन्ही सारखींच दिसतात. निष्ठा आंधळी असते असें म्हणणारांनीं येथें थोडें थांबावें. अंधळेपणाला सहा महिने जागरण करण्याचें कारण नसतें.

त्याच हंगामाचा शेवट लक्षांत ठेवण्याजोगा आहे. १२० पराभव झाल्यावर व्हाइट सॉक्स घरीं आले, आणि सारे विक्रमाची वाट पाहत असतां त्यांनीं तिन्ही सामने जिंकले! १२१ वा पराभव २७ सप्टेंबर रोजीं डेट्रॉइट येथें झाला. त्याच विजयानें डेट्रॉइटच्या संघाला पुढच्या फेरींत स्थान मिळालें. म्हणजे एका मैदानावर एकाच क्षणीं एकाचा उत्सव आणि दुसऱ्याची नामुष्की घडली. मग उरलेले दोन सामने व्हाइट सॉक्सनीं जिंकले. त्या दोन विजयांनीं तक्त्यांतील जागा तिळभर बदलली नाहीं. तरीही ते पाहणारे लोक होते, आणि त्यांना बरें वाटलें नसेल असें कोण म्हणेल?

मेट्सची गोष्ट सांगणारे बहुधा १९६९ सालावर येऊन थांबतात. त्या वर्षीं हाच संघ जगज्जेता झाला, आणि १९६२ च्या संघांतील गिल हॉजेस हे त्याचे मॅनेजर होते. शेवट गोड आहे खरा. पण त्यावरून निष्ठेला फळ येतेंच असा हिशेब मांडूं नये. शिकागोचाच दुसरा संघ कब्स. तो १९०८ सालीं जगज्जेता झाला आणि त्यानंतर थेट २०१६ सालीं. मधल्या १०८ वर्षांत त्याचे कितीतरी पाठीराखे जन्मले, म्हातारे झाले आणि विजय न पाहतां गेले. त्यांची निष्ठा फुकट गेली असें म्हणावयाचें असेल, तर मग वर्गांत शेवटच्या बांकावर बसणाऱ्या मुलाजवळ रोज रात्रीं पुस्तक घेऊन बसणाऱ्या बापाची मेहनतही निकालाच्या दिवसापर्यंत फुकटच म्हणावी लागेल. तो बाप पहिल्या नंबरासाठीं बसलेला नसतो. मुलगा आपला आहे, म्हणून बसलेला असतो. आणि आपला आहे म्हणूनच त्याची चूकही तोच सर्वांआधीं दाखवितो.

हरणाऱ्या संघाचा पाठीराखा सहा महिने हेंच करीत असतो. सप्टेंबर संपतो, मैदानाचे दरवाजे बंद होतात, रेडिओवरचा तो ओळखीचा आवाज हिवाळ्यापुरता थांबतो. मग एक दिवस वर्तमानपत्रांत पुढील हंगामाचें वेळापत्रक छापून येतें, आणि तो गृहस्थ तें कापून भिंतीला लावतो.