बीजभाषणकाराचा कबुलीजबाब



उच्च शिक्षणातील अध्यापन आणि अध्ययन यांचा ऊहापोह करण्यासाठी ज्या परिषदा हल्ली देशोदेशी भरतात, त्यांच्या आरंभीच्या प्रमुख भाषणाला आपण बीजभाषण म्हणतो. आणि त्या भाषणात एखादा विख्यात प्राध्यापक, समोरच्या शे-दोनशे अध्यापकांना तासभर अवाक्षरही काढू न देता, जेव्हा असे प्रतिपादन करतो की एकाने बोलावे व इतरांनी निमूट ऐकावे ही रीत मोडीत काढली पाहिजे, तेव्हा मला हसू आवरत नाही. अर्थात, न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात जिचा पाया घातला त्या वसंत व्याख्यानमालेच्या परंपरेत माझा कान तयार झालेला; तेव्हा हसण्याचा अधिकार मला कितपत पोहोचतो, हा मामला वादग्रस्तच आहे.

या संदर्भात एका नटाची हकीकत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत नॅफ्टुलिन, वेअर आणि डोनेली या तिघांनी 1973 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ‘डॉ. मायरन फॉक्स’ असे भारदस्त नाव आणि तितकीच भारदस्त बिरुदे लावून त्यांनी एका नटाला विद्वज्जनांच्या सभेत उभे केले. गणितातील खेळ-सिद्धांताचा वैद्यकीय शिक्षणात उपयोग असा विषय दिला, आणि परस्परविरोधी विधाने, निरर्थक नवे शब्द व अधूनमधून विनोद यांपलीकडे भाषणात काही असू नये, अशी तालीम करून घेतली. प्रत्यक्ष सभेत आणि नंतर चित्रफितीवर मिळून 55 जणांनी ते भाषण ऐकले. श्रोते ऐरेगैरे नव्हते. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, शिक्षणाधिकारी असे होते. बहुतेकांना ते उद्बोधक वाटले. सोंग एकालाही ओळखता आले नाही. आणि एका महाशयांनी तर या डॉक्टरांचे लेखन आपण पूर्वी वाचले असल्याचा दाखला दिला!

ही केवळ भोळेपणाची गोष्ट असती तर सोडून देता आली असती. परंतु हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या वर्गांवर केलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, ओघवते व्याख्यान ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांना आपण अधिक शिकलो असे वाटले, आणि चाचणीत मात्र स्वतः झटापट करून उदाहरणे सोडवणारे सरस ठरले. त्याआधी 2014 साली फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 225 अभ्यासांची छाननी केली होती. तीत निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे प्रमाण सरासरी 33.8 टक्के, तर विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांत 21.8 टक्के भरले.

तरीही व्याख्यान देऊनच व्याख्यान मोडीत काढण्याच्या विसंगतीतून मला जो बीजभाषणकार सुटलेला दिसतो, तो हार्वर्डचाच भौतिकशास्त्राचा प्राध्यापक, एरिक माझूर. त्याचे गाजलेले भाषण म्हणजे शब्दशः कबुलीजबाब आहे. आपण उत्तम शिकवतो, असे विद्यार्थ्यांच्या अभिप्रायांवरून त्याला खुशाल वाटत होते. पुढे भौतिकशास्त्राच्या अध्यापनाचे अभ्यासक हेस्टेनिस यांची बलविषयक साधी प्रश्नपत्रिका त्याने वर्गात दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले की, उत्तरे तुम्ही शिकवल्याप्रमाणे लिहू, की मला जसे वाटते तशी? या एका प्रश्नाने अनेक वर्षांची आत्मसंतुष्टी जमीनदोस्त झाली. 1991 पासून त्याने रीत बदलली: थोडे सांगायचे, प्रश्न टाकायचा, प्रत्येकाचा कौल घ्यायचा, शेजाऱ्याशी वाद घालू द्यायचा आणि पुन्हा कौल घ्यायचा. विशेष हे की, परिषदेच्या व्यासपीठावरही तो हेच करतो. पांढऱ्या केसांचे अधिष्ठाते शेजाऱ्याशी हुज्जत घालू लागतात आणि सभागृहाचा बाजार होतो.

त्याचा नेहमीचा एक प्रश्न मी उसना घेतो. धातूच्या पत्र्याला मधोमध वाटोळे भोक आहे; पत्रा सर्वत्र सारखा तापवला, तर ते भोक मोठे होईल, लहान होईल, की तेवढेच राहील? उत्तर मी सांगणार नाही. ज्यांचे बालपण खेड्यात गेले, त्यांनी बैलगाडीच्या लाकडी चाकावर धाव चढवण्यापूर्वी लोहार ती आगीत लालभडक का करीत असे, हे आठवून पाहावे. मात्र शेजाऱ्याने आपला कौल दिल्यावाचून त्याला ते सांगू नये. दोन मिनिटे आपली आहेत; घड्याळ अध्यक्षांपाशी आहे.