दृष्टीची भीती सोडा, रक्त तपासा
(महिला मेळाव्यातील भाषण)



1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभाचे विधेयक आले, तेव्हा परमपूज्य बाबासाहेब त्याच्या बाजूने बोलले. आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्याच आईविषयी मी चार शब्द बोलणार आहे. मी डॉक्टर नव्हे. वाचले, विचारले ते सांगतो.

अशक्त सुनेची काळजी सगळे करतात. ती अंगाने भरलेली असली, की म्हणतात, "हिले काय होते, चांगली धट्टीकट्टी आहे." इथेच आपण फसतो. पाच फूट उंचीच्या स्त्रीचे वजन दिवस जाण्यापूर्वीच 58 किलोंच्या वर असेल, तर आपल्याकडील मोजमापाने तो लठ्ठपणा होय. अशा स्त्रीला गरोदरपणी मधुमेह होण्याचा, रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका अधिक असतो. सुरुवातीला काही दुखत नाही. रक्त मात्र आधी सांगते.

साखरेची तपासणी सोपी आहे. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात आणि दोन तासांनी रक्त तपासतात. उपाशी राहावे लागत नाही. आकडा 140 किंवा अधिक आला, तर उपचार लागतो. पहिल्या भेटीत साखर ठीक निघाली, तरी 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा तपासावी.

दुसरी तपासणी नवी आहे. वार नीट रुजली नाही, तर तिच्यातून रक्तात येणारे 'पीएलजीएफ' हे प्रथिन कमी पडते. जड शरीरात ते एरवीही कमी दिसते, म्हणून वजन धरूनच हिशेब करतात. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हे प्रथिन, रक्तदाब व सोनोग्राफी यांवरून धोका ओळखला गेला. त्या स्त्रियांना 11 ते 14 आठवड्यांपासून रोज रात्री 150 मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले. 37 आठवड्यांपूर्वी बाळंतपण करावे लागेल असा रक्तदाबाचा आजार 62 टक्क्यांनी घटला. ही गोळी मनाने मात्र घेऊ नये.

ही तपासणी गावोगावी होत नाही. पण वजन, रक्तदाब, साखर तर पाहता येते. सेवाग्राम आणि सावंगीची मोठी रुग्णालये आपल्याच जिल्ह्यात आहेत.

अडचण वेगळीच आहे. दृष्ट लागेल म्हणून आपण तीन महिने बातमी लपवतो, आणि उपायाची वेळ नेमकी त्याच सुमारास येते. भगवान बुद्धांनी आपल्याला कार्यकारणभाव शिकवला, दृष्ट नव्हे. पाळी चुकली की आशाताईंना सांगा, नाव नोंदवा, रक्त द्या. सासूबाईंनी स्वतः सुनेला घेऊन जावे, एवढीच विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!