जुन्या मोटरनौकेची कॅबिन

दुसऱ्या महायुद्धापूर्वी इंग्लंडच्या नद्यांवर व किनाऱ्यालगत हौशी लोकांच्या लाकडी मोटरनौका मोठ्या संख्येने फिरत असत. १९४० च्या मे महिन्याच्या अखेरीस डंकर्कच्या किनाऱ्यावर अडकलेले सैन्य परत आणण्याचा प्रसंग आला, तेव्हा अशा शेकडो लहान नौका त्या कामी लागल्या. ‘सनडाउनर’ ही त्यांपैकीच एक. १९१२ साली ब्रिटिश आरमारासाठी वाफेची नौका म्हणून ती बांधली गेली होती. ‘टायटॅनिक’ जहाजावरील द्वितीय अधिकारी चार्ल्स लाइटोलर यांनी १९२९ साली ती विकत घेऊन तिची मोटरनौका केली. १ जून १९४० रोजी या अठ्ठावन्न फुटी नौकेतून सुमारे १३० सैनिक परत आले. त्यांतील निम्म्याहून अधिक खाली कॅबिनमध्ये दाटीने बसले होते. १९६५ साली अशा ४३ नौका पुन्हा डंकर्कला जाऊन आल्या आणि त्यानंतर त्यांच्या मालकांनी आपली संस्था स्थापन केली.

अशा नौकेची कॅबिन पुन्हा राहण्याजोगी करावयाची म्हणजे रोगण व गाद्या बदलावयाच्या, असा सर्वसाधारण समज असतो. वास्तविक खरे काम तक्तपोशीच्या मागे असते. लाकडी नौकेचा वैरी समुद्राचे पाणी नव्हे, तर पावसाचे गोडे पाणी होय. खारे पाणी कुजविणाऱ्या बुरशीला मानवत नाही. डेकच्या सांध्यांतून अगर खिडकीच्या चौकटीतून झिरपलेले गोडे पाणी मात्र कोंदट कोपऱ्यात तिला पोसते. म्हणून जाणता सुतार प्रथम तक्तपोशी उतरवितो. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालून त्याचे छायाचित्र घेतो. नंतर तो लाकडी हातोडीने फळी ठोकून पाहतो. निरोगी लाकूड खणखणते, कुजलेले बद्द बोलते. कुजलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापावयाचा व तेथे लांब तिरका सांधा देऊन नवे लाकूड जोडावयाचे. नुसती लांबी भरून वरून रंग दिल्यास रोग झाकला जातो, हटत नाही.

त्यानंतर वाऱ्याची व्यवस्था. कॅबिनच्या दोन्ही टोकांना झरोके हवेत, कपाटांच्या दारांना भोके हवीत, निजण्याच्या बाकांना सलग फळीऐवजी पट्ट्या हव्यात. माणसांच्या श्वासाची वाफ रात्री थंड भिंतीवर जमते. तिला वाट न मिळाल्यास नवे सागवानही फार दिवस टिकत नाही.

आणखी एक सावधगिरी जिवाची आहे. पेट्रोलची वाफ आणि स्वयंपाकाचा गॅस ही दोन्ही हवेपेक्षा जड असल्यामुळे नौकेच्या तळाशी साचतात. एका ठिणगीने घात होतो. यास्तव गॅसच्या नळकांड्याची पेटी कॅबिनपासून अलग ठेवून तिचे छिद्र नौकेबाहेर उघडे ठेवावे लागते. पेट्रोलचे इंजिन सुरू करण्यापूर्वी तळातील हवा पंख्याने बाहेर काढावी लागते.

इतके झाल्यावर शोभेचा विचार. जुने पितळी दिवे व खुंट्या उजळून जागच्या जागी बसवाव्यात. आजची विजेची उपकरणे घ्यावयाची असल्यास तीही तक्तपोशी न कापता बसवावीत, आणि जड घट शक्य तितके खाली व मध्याजवळ ठेवावेत. जागा वाढविण्यासाठी आडवी भिंत काढून टाकण्याचा मोह पुष्कळांना होतो. परंतु ती भिंत बहुधा नौकेच्या दोन्ही बाजूंना आधार देत असते. जुन्या कारागिराने कॅबिन लहान ठेवली, ती कारणावाचून नव्हे.

ज्यांना तिच्यात सुट्टीचे चार दिवस काढावयाचे आहेत, त्यांनी तिची पहिली परीक्षा मुसळधार पावसाच्या रात्री घ्यावी. सकाळी गादीखालच्या पट्ट्यांना हात लावावा. त्या कोरड्या असतील, तर काम नीट झाले.