पाहुणचाराचे इंग्रजी शब्द

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत आणि विषय इंग्रजी शब्दांचा! तेव्हा आपल्याला हसू येणे साहजिक आहे. विषय ऐकून मलाही आले. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "विद्वत्तेचे नको, घरातले बोला." म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

खरे पाहता आपण मनमाडच्या बायका इंग्रजीला परक्या नाही. आपले गावच जंक्शन. तिकीट, सिग्नल, गार्ड, वेटिंग रूम हे शब्द आपण पाळण्यात असल्यापासून ऐकले. मुंबईकडून आलेली गाडी येथून भुसावळकडे जाते, दौंडकडे जाते, मराठवाड्याकडेही जाते. शिर्डीला निघालेली दक्षिणेकडची मंडळी येथेच उतरतात. परगावचा माणूस आपल्याला नवा नाही. पण स्टेशनवरचे इंग्रजी निराळे आणि आपल्या घरी पानावर बसलेल्या माणसाशी बोलायचे इंग्रजी निराळे. हा फरक मला चार वर्षांपूर्वी कळला, आणि चांगलाच कळला.

माझी थोरली मुलगी शिकण्यासाठी पुण्याला होती. तिच्या वसतिगृहातली एक तमिळ मैत्रीण आपल्या आईला घेऊन शिर्डीला निघाली होती. वाटेत एक रात्र आमच्याकडे उतरायचे ठरले. आदल्या दिवशी मुलगी घरी आली आणि मला म्हणाली, "आई, त्यांना मराठी येत नाही. तू फार बोलू नकोस, मी बोलीन." ती हे वाईट हेतूने बोलली नाही. पण रात्री मला झोप लागली नाही. माझ्या घरात, माझ्या पाहुण्यांपुढे, मीच गप्प बसायचे?

सकाळी मी शेजारच्या निवृत्त शिक्षिका बाईंकडे गेले आणि चार वाक्ये पाठ करून आले. 'वेलकम', 'प्लीज सिट', 'हॅव सम मोअर' आणि 'थँक यू'. भाकरी थापताना तीच म्हणत होते.

पाहुण्या आल्या. 'वेलकम' बरोबर झाले, 'प्लीज सिट'ही झाले. मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. मग पाने वाढली. पुरणपोळीचा बेत होता. त्या बाईंनी दोन पोळ्या खाल्ल्या आणि तिसरीला पानावर हात आडवा धरून म्हणाल्या, "नो, थँक यू." मला त्यातले 'थँक यू' ऐकू आले. 'नो' ऐकू आले, पण ते मी मराठीत ऐकले. आपल्याकडे पहिले 'नको' हे नको नसतेच, हे आपण सर्व जाणता. तीनदा आग्रह केला नाही तर पाहुणा म्हणेल, तोंडदेखले विचारले. मी 'हॅव सम मोअर' म्हटले आणि पोळी वाढली, वर तूपही वाढले. मैत्रीण काकुळतीने काहीतरी म्हणाली. त्यातले मला फक्त 'आँटी' कळले. मुलगी आत पोळ्या भाजत होती. त्या बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिले आणि माझे मन मोडू नये म्हणून ती पोळी खाल्ली.

रात्री त्यांची प्रकृती बिघडली. डॉक्टरांकडे न्यावे लागले. त्यांना मधुमेह होता. साखर फार वाढली होती. पहाटेपर्यंत निभावले, पण ती रात्र मी विसरणार नाही. मुलगी मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

त्यानंतर मी शिक्षिका बाईंना म्हटले, "मला नुसती वाक्ये नकोत, अर्थ सांगा." त्या शब्दकोश घेऊन बसल्या आणि आम्ही पुष्कळ दुपारी त्यात घालवल्या. त्यातले थोडे आपल्याला सांगते.

'नो, थँक यू' म्हणजे नकोच. पुन्हा विचारायचे नाही. 'हेल्प युवरसेल्फ' याचा शब्दशः अर्थ 'स्वतःला मदत करा' असा होतो आणि तो आपल्याला तुटक वाटतो. पण त्याचा भाव 'हवे ते, हवे तेवढे हाताने घ्या, संकोच करू नका' असा आहे. निमंत्रणपत्रिकेवर आर. एस. व्ही. पी. ही अक्षरे असतात. ती फ्रेंच आहेत. येणार की नाही ते कृपया कळवा, असा त्यांचा अर्थ. आपण 'अगत्य येण्याचे करावे' असे लिहितो आणि किती पाने मांडायची याचा अंदाज बांधत बसतो!

'प्लीज'विषयी बाईंनी चांगले समजावले. इंग्रजीत लहानथोर सर्वांना एकच 'यू'. म्हणून आदर दाखवायला निराळा शब्द जोडावा लागतो. आपल्याकडे 'बस', 'बसा', 'बसावे' यांतच सगळे आले. तेव्हा 'प्लीज' नाही म्हणून मराठी माणूस उद्धट, असे कोणी म्हटले तर मनाला लावून घेऊ नये.

या शब्दांची कुळकथाही मोठी गमतीची आहे. 'होस्ट' म्हणजे यजमान आणि 'गेस्ट' म्हणजे पाहुणा. हे दोन्ही शब्द फार प्राचीन अशा एकाच मुळापासून आले. लॅटिनमध्ये तर यजमान आणि पाहुणा या दोघांनाही एकच शब्द होता. त्यातूनच हॉटेल, होस्टेल आणि हॉस्पिटल हे शब्द निघाले. 'एटिकेट' म्हणजे शिष्टाचार. तो शब्द आणि आपले स्टेशनवरचे 'तिकीट' ही एकाच फ्रेंच शब्दाची लेकरे. आणि भगिनींनो, 'लेडी' या शब्दाचा जुन्या इंग्रजीतला मूळ अर्थ आहे, भाकरीचे पीठ मळणारी! हे ऐकल्यापासून परातीपुढे बसताना मला कमीपणा वाटत नाही.

आपणही पूर्वी शब्द घेतले आहेतच. 'मेजवानी' हा शब्द फारसी. 'मेजबान' म्हणजे यजमान, त्यावरून आलेला. तो आपण आपला केला. मग 'थँक यू' आपला करायला काय हरकत आहे? आता माझा मुलगा ताट उचलताना 'थँक यू, आई' म्हणतो. प्रथम परके वाटले. हल्ली तो विसरला तर चुकल्यासारखे वाटते. घरच्या बाईचे आभार कसले मानायचे, असे म्हणत म्हणत आपण ते कधीच मानले नाहीत, हेही खरे आहे.

पण शब्द म्हणजेच पाहुणचार नव्हे. येथे मला डॉ. आनंदीबाई जोशी यांची आठवण होते. त्यांना शिकायला अमेरिकेत जाण्यासाठी मदत मिळावी म्हणून त्यांचे पती गोपाळराव यांनी लिहिलेले पत्र तिकडच्या एका मिशनरी मासिकात छापले गेले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी ते १८८० साली दंतवैद्याकडे खोळंबून बसल्या असताना वाचले. ओळख ना देख, धर्म निराळा, तरी त्यांनी पत्र धाडले. १८८३ साली अठरा वर्षांची आनंदीबाई त्यांच्या घरी उतरली. नात्याने कोणी नसलेल्या त्या बाईंना ती मावशी मानू लागली. १८८६ साली ती डॉक्टर झाली आणि पुढच्याच वर्षी पुण्यात वारली. तिच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या, आणि त्यांनी त्या आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. पाहुणीला घरची करणे म्हणजे काय, ते यावरून समजावे.

आता माझ्या पाहुण्यांची राहिलेली गोष्ट सांगते. ते दिवस उन्हाळ्याचे होते. तेव्हा नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नसे, हे आपल्याला सांगायला नको. मी सकाळी त्यांच्या आंघोळीसाठी दोन बादल्या भरून ठेवल्या. त्या बाईंनी न्हाणीबाहेर ओळीने मांडलेले पिंप पाहिले. कोणी काही सांगितले नव्हते. त्या अर्ध्या बादलीत आंघोळ करून बाहेर आल्या आणि दीड बादली पाणी तसेच पुन्हा पिंपात ओतले. त्यांच्या गावीही पाण्याचे असेच हाल असावेत. त्या वेळी आम्हां दोघींना इंग्रजीचीही गरज पडली नाही. माझे डोळे भरून आले. मी 'सॉरी' म्हटले. ते कालच्या पोळीसाठी होते. त्यांनी माझा हात धरला.

निघताना त्या उंबऱ्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, "पोयिट्टु वरेन." मैत्रिणीने माझ्या मुलीला अर्थ सांगितला आणि मुलीने मला. जाते असे म्हणायचे नाही, 'जाऊन येते' असे म्हणायचे, अशी त्यांची रीत. मी म्हटले, "अगं, हे तर आपलेच!" माझी मुलगी हसली. रात्रीपासून पहिल्यांदा हसली.

तेव्हा भगिनींनो, माझे सांगणे एवढेच. इंग्रजी शब्द जरूर शिकावेत, लाजू नये. आईला अडखळताना पाहून मुलांनीही लाजू नये. पण शब्द शिकताना समोरच्याचे 'नको' ऐकायलाही शिकावे. मी आता वाढण्यापूर्वी 'काही पथ्य आहे का?' असे आधी विचारते आणि आग्रह एकदाच करते. हे पाहुण्यांना आवडते, असा माझा अनुभव आहे.

 थँक यू! आणि आता जाते म्हणत नाही; येते.