दार कोणी उघडलं?

चोखोबारायांच्या अभंगाचं पहिलं चरण आपण घेतलं. आता थोडं आडवळणाला जाऊ, मग परत अभंगावर येऊ.

हल्ली एक प्रश्न सारखा कानावर येतो. महाराज, ही उपोषणं, मोर्चे, सत्याग्रह, यांनी धर्माचं भलं होतं की वाटोळं? देवाच्या दारात आंदोलन कशाला? देव भावाचा भुकेला, मग भाव ठेवा आणि गप बसा की!

बरं, गप बसून किती वर्षं बसायचं? त्याचा हिशेब पंढरपुरातच आहे. महाद्वारात नामदेवरायांची पायरी आहे, आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली, चोखोबा गेले, आणि नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी इथं आणल्या. हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येत होतं, म्हणून ती ओळखू आली. साल 1338. आता ऐका. ज्याच्या हाडांत विठ्ठल होता, त्याच्या जातभाईंना विठ्ठलाचं दार उघडलं 1947 साली. सहाशे वर्षं! या सहाशे वर्षांत कीर्तनं थांबली होती का? नाही. चोखोबांचे अभंग आम्हीच गायलो, डोळ्यांत पाणी आणून गायलो, आणि ज्यांचे ते अभंग, ती माणसं बाहेर उन्हात उभी. गाण्यात आम्ही कमी पडलो नाही, माऊली. पण नुसत्या गाण्यानं कडी निघाली नाही.

कडी कशी निघाली? साने गुरुजी. ‘श्यामची आई’ लिहिणारे. त्यांनी 1946 च्या कार्तिकीच्या सुमारास ठरवलं, विठ्ठलाचं दार हरिजनांना उघडत नाही तोवर अन्न घेणार नाही. जाणत्यांनी थांबवलं, म्हणाले, आधी लोकांना विचारा. ते थांबले. घरी नाही बसले हो! महिनोन् महिने महाराष्ट्र पालथा घातला, गावोगाव सभा घेतल्या. कितीतरी गावांत त्याआधीच देवळं उघडली, पाणवठे मोकळे झाले. मग 1 मे 1947 रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले. वैशाखातलं ऊन, चंद्रभागेचं वाळवंट तापलेलं. गावात बसायला जागा मिळेना. शेवटी तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. हे मुद्दाम सांगतो, कारण हा वाद धर्म विरुद्ध सुधारणा असा होता असं काही जण रंगवतात. मठ कुणाचा होता? वारकऱ्याचा!

विरोधही घरचाच होता, ते झाकून चालणार नाही. साने, भीमेपलीकडे चालते व्हा, अशा घोषणा झाल्या. महात्माजींनाही हे उपोषण पटलं नव्हतं, त्यांनी सोडायला कळवलं. गुरुजींनी त्यांचा मान राखला आणि उपोषणही चालू ठेवलं. दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, बडवे मंडळी राजी झाली, आणि दहा दिवसांनी गुरुजींनी उपोषण सोडलं. त्याच वर्षी मुंबई सरकारनं मंदिरप्रवेशाचा कायदाही केला.

सांगतात की दार उघडण्याआधी काहींनी मंत्र म्हणून मूर्तीतलं तेज घागरीत काढून घेतलं. आता काय बोलावं! अठ्ठावीस युगं उभा असलेला परब्रह्म, तो घागरीत मावतो? आणि मावला तर मग नेला कुठं? त्यानंतर आषाढी-कार्तिकीला येणाऱ्यांना जे भेटतं ते काय आहे? तुम्हाला आज सकाळी पायांवर डोकं ठेवून काय वाटलं, ते तुमचं तुम्ही सांगा. *(टाळ्या)*

म्हणजे आंदोलनानं देव बाटला नाही, विटेवरून हललाही नाही.

पण नुकसान झालंच नाही असं म्हणू नका. झालं, मोठं झालं. ते आंदोलनानं केलं नाही, उशिरानं केलं. नाशिकला काळारामाच्या दारात 2 मार्च 1930 ला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. ती माणसं रामाच्या दर्शनालाच आली होती ना? पाच वर्षं दार बंद. मग 1935 साली येवल्याला बाबासाहेबांनी सांगितलं, हिंदू म्हणून जन्मलो, तरी हिंदू म्हणून मरणार नाही. बारा वर्षांनी पंढरपूरचं दार उघडलं, तेव्हा मागणारा उंबऱ्यावरून उठून गेला होता. लेकरू दार वाजवतं, वाजवतं, मग दुसऱ्याच्या घरी जातं. नंतर कडी काढून हाका मारल्या, तर कोण येणार?

आता दुसरी बाजू. आंदोलन म्हटलं की सगळं पवित्र, असंही नाही. आज कुणाची भावना दुखावली की दुपारपर्यंत चौकात टायर जळतो. त्या दिवशी उपाशी कोण राहतं? हातगाडीवाला! पुढारी घरी जाऊन जेवतो. गुरुजी स्वतः उपाशी राहिले. गाडगेबाबा बघा. नवसाला कोंबडं-बकरं कापू नका, दारू पिऊ नका, कर्ज काढून सण करू नका, देव दगडात शोधू नका, हे त्यांनी कीर्तनात तोंडावर सांगितलं. लोक चिडले का नाहीत? कारण सकाळी त्याच हातांनी त्यांचं गाव झाडलेलं असायचं. पंढरपूरला त्यांनी चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली, आणि 1949 साली ती बाबासाहेबांच्या संस्थेला देऊन टाकली. बोलायचा हक्क झाडू मारून मिळवलेला होता. तो असला की कडू शब्दही औषधासारखा उतरतो.

काही मंडळी म्हणतील, महाराज, हे जुनं झालं, आता दार सगळ्यांना उघडं आहे. आहे, मान्य. मंदिराचं आहे. आता तुमच्या गावच्या सप्त्याचं बघू. परत गेल्यावर वीणेच्या पहाऱ्याची यादी काढा. कोणत्या वस्तीतलं एकही नाव त्यात नाही? पंगतीला वाढपी कोण, आणि पत्रावळ्या उचलणारे कोण? गावोगाव जातो मी, मला दिसतं. वीणेकऱ्यानं वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालायची आणि पायांवर डोकं ठेवायचं, ही आपली रीत. ती कुणाच्या गळ्यात घालताना हात अडतो, ते यंदा बघा, आणि पुढच्या वारीला मला येऊन सांगा.

चला, मृदंगमणी, चोखोबांचं दुसरं चरण घ्या. टाळ वाजू द्या. बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!